पेरणीआधी वापसा, पाटीआधी माती

पहिला पाऊस पडला म्हणून दुसऱ्या दिवशी आपण तिफण जुंपत नाही. रानात जातो, चार बोटं खालची माती मुठीत घेऊन दाबतो. लाडू वळला आणि हातातून सोडल्यावर फुटला, तर वापसा आला म्हणतो. चिखलासारखा चिकटून राहिला, तर थांबतो. शेजाऱ्याने घाई केली म्हणून जाणता माणूस गाळात बी घालत नाही, कारण ते कुजणार हे त्याला ठाऊक असतं.

मातीच्या बाबतीत एवढा धीर धरणारे आपण घरातल्या तीन-चार वर्षांच्या लेकराच्या बाबतीत मात्र धीर सोडतो. जून उजाडला की पोराच्या हातात पेन्सिल देतो, पानभर एकच अक्षर काढायला बसवतो आणि रेघ वाकडी गेली की डोक्यात टपली मारतो. मुलाची बोटं दुखतात, ते रडतं, पाटी दिसली की आजीच्या पदराआड दडतं. मग आपणच म्हणतो, 'ह्याचं अभ्यासात डोकं नाही.' डोक्याचा यात काही दोष नाही. हाताला वापसा आलेला नसताना आपण पेरणी केली, एवढंच झालेलं असतं.

या पानावर एरवी बियाणं, खत, फवारणी असे विषय असतात. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तोही माती आणि बियाण्याचाच आहे. कामानिमित्त आम्हाला गावोगाव फिरावं लागतं. पारावर बसलेल्या बापाच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'अंगणवाडीत काय शिकवतात हो? पोरं नुसती मातीत खेळतात.' आणि मग तोच बाप सोयाबीन किंवा तूर विकून आलेल्या पैशातून बाजाराच्या गावच्या खासगी नर्सरीची फी भरतो, गाडीभाडं वेगळं देतो, आणि मुलाच्या वहीत भरलेली पानं पाहून समाधान मानतो. त्या भरलेल्या पानांची किंमत किती, आणि 'नुसत्या मातीत खेळण्या'ची किंमत किती, हे आज नीट तपासून पाहू.

हात आधी, अक्षर नंतर

लिहिणं हे दिसायला सोपं काम आहे. पण पेन्सिल तीन बोटांत धरायची, मनगट टेकवायचं, दाब न फार न कमी ठेवायचा, डोळ्यांनी आकार पाहायचा आणि तोच हातातून उतरवायचा, एवढी कामं एकाच वेळी होतात. चाड्यावर मूठ धरणाऱ्याला विचारा. बोटांच्या फटीतून दाणा किती सोडायचा हे त्याला कोणी तोंडाने सांगून आलेलं नाही. ते बोटांना सरावाने कळलं. चार वर्षांच्या पोराला आपण चाड्यावर उभं करत नाही.

माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि पुढे वर्षानुवर्षे एकेक करून पक्की होत जातात. बोटांचे बारीक स्नायूही असेच हळूहळू जोर धरतात. म्हणून लहान मूल आधी काठी किंवा खडू अख्ख्या मुठीत धरतं. तीन बोटांची पकड पुढे येते. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढू लागतं, चौथ्याच्या सुमारास अधिकची खूण आणि मग चौकोन, तर त्रिकोण जमायला पाचवं वर्ष उजाडतं. चार-सहा महिने इकडे-तिकडे होणं स्वाभाविक आहे. एकाच तासातली सगळी रोपं तरी एका दिवशी कुठे उगवतात?

आता आपलं 'क' पाहा. त्यात उभी रेघ आहे, डावीकडे गोल आहे, उजवीकडे वळण आहे, वर शिरोरेघ आहे. ज्या मुलाला अजून तिरपी रेघ ओढता येत नाही, त्याने ते पानभर काढावं ही अपेक्षा चुकीची आहे. ते गिरवेल, पण कळून नाही. बैल घाण्याभोवती फिरतो तसं.

ही गोष्ट नवी नाही

'मातीत अक्षरं काढणं हे काय नवीन खूळ?' असं कोणी म्हणेल. उलट हे आपल्याकडे फार जुनं आहे. फळीवर बारीक धूळ पसरून तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, हीच धूळपाटी. 'धूळाक्षरं' हा शब्द तिथूनच आला. चूक झाली की हात फिरवायचा, फळी पुन्हा कोरी. रबर लागत नाही, वही फाटत नाही, लाल शाईची फुली पडत नाही. मुलाला चुकायची भीतीच उरत नाही, हा तिचा मोठा गुण.

तिकडे इटलीत मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोम शहराच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून फळीवर चिकटवली. मुलाने दोन बोटं त्या अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवायची आणि तोंडाने त्याचा उच्चार करायचा. डोळा, कान आणि बोट ही तिन्ही एकदम कामाला लागली. तिथली मुलं पुस्तक वाचू लागण्याच्या आधीच लिहू लागली, हे पाहून लोक चकित झाले.

आपल्याकडे हे काम गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढून रुजवलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं. ही दोन्ही गावं तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातली. शहरातली महागडी लाकडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, हे ताराबाईंनी ओळखलं. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशभर अंगणवाडी हेच नाव रूढ झालं.

म्हणजे ज्या अंगणवाडीला आपण 'खिचडीची शाळा' म्हणून नाक मुरडतो, तिचं मूळ आपल्याच मातीत आहे. आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण हे तिच्या सहा ठरलेल्या सेवांपैकी एक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

घरी आणि अंगणवाडीत काय करता येईल

आता कामाचं बोलू. यासाठी बाजारातून काही आणावं लागत नाही.

पहिली पायरी म्हणजे बोटांची मशागत. मातीचा गोळा मळणे, त्याच्या वळ्या करणे, पोळ्याला करतो तसे बैल करणे. काळी माती एकटी वापरली तर वाळताना तडकते. तिच्यात थोडी बारीक वाळू मिसळावी. ओल्या वाटाण्याच्या किंवा तुरीच्या शेंगा सोलणे, आईबरोबर पिठाचा गोळा तिंबणे, ओलं फडकं पिळणे, चिंचोके आणि खडे दोन टोपल्यांत वेगळे करणे. दिसायला हा पोरखेळ आहे, पण चिमटीत धरायची ताकद इथूनच येते. तीन वर्षांच्या मुलाला वर्षभर एवढंच दिलं तरी पुष्कळ.

दुसरी पायरी रेघांची. लाकडी चौकटीत किंवा जुन्या परातीत दोन बोटं जाडीची वाळू पसरा. आधी उभी रेघ, मग आडवी, मग तिरपी, मग अर्धा गोल, मग पूर्ण गोल. 'पाऊस पडतो' म्हणत उभ्या रेघा, 'नांगराचं तास' म्हणत आडव्या रेघा, 'विहिरीचा काठ' म्हणत गोल. देवनागरीतलं जवळपास प्रत्येक अक्षर एवढ्याच रेघांनी बनतं. घरातल्या आजीला ठिपक्यांची रांगोळी येत असेल, तर तिच्यापेक्षा चांगली शिक्षिका शोधून सापडणार नाही. फक्त रांगोळीची पूड उडून डोळ्यांत जाते, म्हणून लहानांना रवाळ वाळूच बरी.

तिसरी पायरी अक्षराची. सुतार लाकूड घासायला वापरतो तो पॉलिश पेपर घ्या, त्याचं वीतभर उंचीचं अक्षर कापा आणि पुठ्ठ्यावर चिकटवा. तो नसेल तर पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून वर वाळू भुरभुरा, वाळलं की झटका. मुलाचा हात हातात घेऊन दोन बोटं त्यावरून फिरवा आणि उच्चार करा, 'ग, ग गवताचा.' रेघ कुठून सुरू होते आणि कुठे संपते, ती दिशा पहिल्या दिवसापासून एकच ठेवा. मग तेच अक्षर वाळूत, मग ओल्या मातीवर काडीने, मग चिंचोके मांडून, मग अंगणात मोठं काढून त्यावरून चालत. शेवटी पाटीवर खडूने. पेन्सिल आणि वही सर्वांत शेवटी.

अक्षरं कोणती आधी घ्यावीत? 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत ओळीनेच जायला हवं असं नाही. आपले जुने लोक 'ग म भ न' म्हणत. ही चारही अक्षरं एकमेकांच्या वळणाची आहेत. तसंच 'व' आलं की 'ब' आणि 'क' जवळ येतात, 'र' आलं की 'स' आणि 'ख' जवळ येतात. सात-आठ अक्षरं झाली की लगेच शब्द करा: मगर, गवत, रस, सण. मुलाचं स्वतःचं नाव मात्र लवकर दाखवा. आपल्या नावाची गोडी प्रत्येकाला असते.

आणखी दोन गोष्टी. मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नका. मारून-मुटकून उजवं करण्यात काही पुण्य नाही. आणि घरी अहिराणी, वऱ्हाडी, वारली, गोंडी, गोरमाटी जी बोली असेल, तिच्यातले शब्द आधी घ्या. ज्या वस्तूला मूल घरी ज्या नावाने ओळखतं, त्या नावाने अक्षराची ओळख करून द्या. पुस्तकी मराठी मागाहून येतेच.

दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरेत. मूल उठून गेलं तर जाऊ द्या. जास्त पाणी दिलं म्हणून पीक लवकर येत नाही, मुळं मात्र कुजतात.

शेतीवाल्या घरातली सावधगिरी

इथे आम्हाला जरा कडक बोलावं लागेल, कारण हा आमच्या कामातला विषय आहे.

पेरणीचं उरलेलं बियाणं मुलांच्या खेळायला कदापि देऊ नका. कंपनीचं बियाणं गुलाबी, निळं, हिरवं दिसतं ते औषध चोळलेलं असल्यामुळे. पोराला तो रंग आवडतो, ते तोंडात घालतं. घरी बीजप्रक्रिया केलेलं बीही तसंच विषारी. औषधाचे रिकामे डबे, खताची गोणी, फवारणीची बादली धुऊन पुसूनसुद्धा वाळू भरायला वापरू नयेत.

बांधावरच्या सगळ्याच बिया खेळायच्या नसतात. एरंड, मोगली एरंड, धोतरा आणि लाल-काळी देखणी गुंज या बिया विषारी आहेत. सीताफळाच्या बीची भुकटी डोळ्याला इजा करते. चिंचोके, मोठ्या शिंपल्या, गुळगुळीत मोठे खडे चालतील.

तीन वर्षांखालच्या मुलाला सुटे दाणे देऊ नयेत, आणि मोठ्यांनाही समोर बसूनच द्यावेत. हरभऱ्याचा किंवा वाटाण्याचा दाणा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो. अशा वेळी काडीने, पिनेने काढायचा खटाटोप न करता मुलाला थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं.

गोठ्याजवळची, उकिरड्याची, नाल्याकाठची माती घेऊ नका. स्वच्छ वाळू दोन-तीन पाण्यांनी धुऊन कडक उन्हात वाळवा, चाळा आणि खेळ झाला की फडक्याने झाका, नाहीतर मांजर तिथे घाण करतं. खेळ संपला की साबणाने हात धुणं सक्तीचं. मूल माती किंवा पाटीवरची पेन्सिल सारखं खात असेल, तर रागावून उपयोग नाही. अंगात लोह कमी असण्याचं किंवा पोटात जंत असण्याचं ते लक्षण असू शकतं. आरोग्यसेविकेला दाखवावं.

आणि ज्या घरात 'अन्नाशी खेळू नये' असं वडीलधारे म्हणतात, तिथे त्यांचा मान ठेवावा. धान्यावाचून काही अडत नाही, वाळू आणि चिंचोके आहेतच.

गावाने आणि पदाधिकाऱ्यांनी काय करावं

सरपंच, सदस्य आणि आपण अजूनही ज्यांना ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतो ते ग्रामपंचायत अधिकारी, यांना आता दोन शब्द. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातली १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ती कुठे जाते, हे प्रत्येक गावाने आपापल्या वहीत पाहावं. अंगणवाडीला लागतं तरी किती? दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन इंच काठाच्या चार-पाच लाकडी चौकटी, चार घमेली धुतलेली वाळू, दोन टोपल्या चिंचोके, पॉलिश पेपर, पुठ्ठे, हात धुवायला पाण्याची टाकी आणि साबण. एका सत्काराच्या शाली-नारळांत हे बसेल. चौकटी गावचा सुतार करील, माती कुंभारदादा मळून देतील, अक्षरं कापायला बचत गटाच्या बायका एक दुपार देतील.

अंगणवाडीताईंच्या बाजूनेही विचार करू. पोषण आहार, वजनं, लसीकरणाचा दिवस, रजिस्टरं, मोबाइलवर भरायची माहिती आणि वरून आलेलं कोणतंही सर्वेक्षण, हे सारं तिच्याच गळ्यात. त्यातून ती मुलांना घेऊन वाळूत बसली, तर पालक दारात येऊन विचारतात, 'ताई, वहीत काही लिहून का घेत नाही?' मग बिचारी पालकांच्या समाधानासाठी पानं भरून घेते. म्हणून हा विषय ताईच्या एकटीच्या हातचा नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असतात, त्यांच्या आधी महिलांची सभा असते. त्यातल्या एका सभेत ताईंना पंधरा मिनिटं द्या. वाळूची चौकट मांडू द्या. चार मुलं बोटाने काय काढतात, ते आयाबायांना प्रत्यक्ष पाहू द्या. शिवारफेरीत पीक दाखवल्यावर शेतकऱ्याला जे पटतं, ते नुसत्या भाषणाने पटत नाही. इथेही तसंच आहे.

पालकांनीही एक लक्षात घ्यावं. पहिलीचं वय सहा वर्षं आहे. साडेतीन वर्षांचं पोर पानं भरतं म्हणून त्याला कोणी दुसरीत बसवत नाही. सहाव्या वर्षी हात तयार असलेलं मूल थोड्या महिन्यांत अक्षरं उचलतं. पाटीची धास्ती घेतलेलं मूल मात्र शाळेच्या वाटेवरच कच खातं, आणि ती धास्ती काढायला फार वर्षं जातात.

यात आपलं काय पणाला लागलं आहे, तेही सांगतो. सातबारा, फेरफार, पीक कर्जाचा अर्ज, विम्याची पावती, औषधाच्या डब्यावरचं लेबल, बाजार समितीची काटापट्टी, शेतकऱ्याचं नशीब आता अशा कागदांवर आणि पडद्यांवर लिहिलेलं असतं. समोरचा बोट दाखवील तिथे अंगठा टेकवणारी पिढी आपण पाहिली. तिच्या किती जमिनी गेल्या, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. पुढच्या पिढीला नुसती सही येऊन भागणार नाही. वाचायची, लिहायची, चार ओळींचा तक्रार अर्ज स्वतः करायची हिंमत हवी. ती हिंमत चौथ्या वर्षी टपली खाऊन येत नाही.

तेव्हा येत्या सोमवारी आपल्या वाडीतल्या अंगणवाडीत एक चक्कर टाका. मुलं मातीत खेळताना दिसली तर ताईंना शाबासकी द्या. दिसली नाहीत, तर दोन घमेली धुतलेली वाळू घेऊन जा.